चांदीचे त्रिकोण आणि लाल टोपीची सिरिंज

पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा ड्रॉपरचा आणि माहितीपत्रकाचा.

मी वरुड तालुक्यातल्या एका गावात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. नॅनोचांदीचा, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवायचा, हा प्रयोगसंच साडेअठराशेला ऑनलाइन मागवला. कुरिअर गावात येत नाही, पेटी वरुडहून मीच आणली. तो राग इथं काढत नाही.

आत सिल्व्हर नायट्रेट, सायट्रेट, हायड्रोजन पेरॉक्साइड, पोटॅशियम ब्रोमाइड आणि बोरोहायड्राइड. सगळं मिसळलं की द्रावण आधी फिकं पिवळं होतं. मग थोडा वेळ काहीच नाही आणि पाहता पाहता निळंशार! पोट्टे म्हणाले, "सर, नीळ टाकली काय?" चांदीचा बारीक गोल कण 400 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश शोषतो, म्हणून पिवळा दिसतो. तोच कण चपटा त्रिकोणी झाला की त्यातल्या इलेक्ट्रॉनांचा झोका लांबतो, शोषण तांबड्याकडे सरकतं आणि आपल्याला निळा दिसतो.

ब्रोमाइड त्रिकोणांची वाढ रोखतं. जसं वाढवाल तसा रंग निळ्यावरून जांभळा, लाल, नारिंगी असा पिवळ्याकडे येतो. पण हा सगळा खेळ 0 ते 40 मायक्रोलिटरमधला (मायक्रोलिटर म्हणजे मिलीचा हजारावा भाग), आणि संचात दिलाय ड्रॉपर. त्याचा एक थेंबच 50 मायक्रोलिटरच्या घरात! म्हणजे एका थेंबात रंगमाळ संपली. मेडिकलमधून इन्सुलिनची सिरिंज आणली, तरी सगळ्या नळ्या पिवळ्याच. चूक माझी: लाल टोपीची होती, 40 युनिटला एक मिली, म्हणजे युनिटला 25 मायक्रोलिटर. नारिंगी टोपीची घ्या, तिच्यात एक युनिट म्हणजे बरोबर 10. दुसऱ्या दिवशी संत्र्याच्या रंगाची नळी निघाली तेव्हा वर्गात शिट्ट्या वाजल्या.

सोबतचा डीव्हीडीच्या तुकड्याचा पुठ्ठ्याचा स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाशाचे रंग पट्ट्यात वेगळे दाखवणारा डबा, मात्र झकास. निळ्या नळीतून पाहिलं की पट्ट्याची तांबडी बाजू काळवंडते, पिवळ्या नळीतून जांभळी. आकडे मिळत नाहीत, पण बारावीला पुरे.

पत्रकात नसलेल्या दोन गोष्टी. विहिरीचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्लोराइडनं सिल्व्हर नायट्रेट दुधाळ होतं. आम्ही डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणला. आणि बोरोहायड्राइडचं द्रावण ऐनवेळी, बर्फाच्या पाण्यात करा. आमच्याकडे लाइट गेलेली, फ्रीज बंद. बर्फ रसवंतीवरून आणला. रसवंतीवाला निळी नळी पाहायला सोबतच आला.