उचल घेतलेली टोळी आणि वेठीला धरलेली टोळी

दिवाळीच्या सुमारास शिरोळ-कागलच्या फडात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, दोन्ही टोळ्यांनी घेतलेली, कोयते दोन्हीकडे चालतात. बांधावरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही.

पहिल्या टोळीत उचल किती, टनाला दर किती, आजवर किती फिटली हे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला माहीत असतं. घरी कुणी वारलं तर माणूस गावी जाऊन येतो. हिशेबावरून भांडणं होतात, पण ती व्यवहारातली.

दुसरीत हिशेब फक्त मुकादमाच्या वहीत. आजारपणाचा खाडाही उचलीत चढतो, हंगाम सरला तरी रक्कम सरत नाही आणि पुढच्या साली त्याच्याच दारात यावं लागतं. आधार कार्ड काढून घेणं, बायकापोरांना अडकवून ठेवणं ही तर उघड खूण. ‘स्वतःच अंगठा दिला होता की!’ हे उत्तर मला पटत नाही. कायद्यालाही नाही: १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. मजुराने तसा दावा केला, तर ते वेठीचं कर्ज नाही हे देणाऱ्याने सिद्ध करायचं. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं हीसुद्धा संविधानाच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं.

उचल बुडवून टोळी पळते, ही मुकादमांची तक्रारही खोटी नाही. त्यासाठी दिवाणी दावा आहे. माणूस डांबला असेल, तर अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा.