फक्त कॉल-एसएमएसचा वर्षाचा प्लॅन: बडोद्यात काही महिने वापरल्यावर

दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलला. डेटा नको असलेल्यांसाठी नुसत्या कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवणं कंपन्यांना भाग पडलं आणि अशा प्लॅनची कमाल मुदत 90 वरून 365 दिवसांवर गेली. जानेवारी 2025 मध्ये ते बाजारात आले, वर्षाचे साधारण 1,750 ते 1,850 रुपये. मुदत मात्र नीट वाचा. काही पूर्ण 365 दिवसांचे आहेत, काही 336 चे, म्हणजे 28 चे बारा तुकडे. घरातल्या ज्येष्ठांच्या सिमवर असा प्लॅन कित्येक महिने चालू आहे.

कॉल, ओटीपी, बँकेचे संदेश यांत काडीचाही फरक पडला नाही. येणारे एसएमएस प्लॅनमधल्या 3,600 च्या कोट्यात धरले जात नाहीत, फक्त जाणारे धरतात. यूपीआय ॲप पहिल्यांदा लावताना फोन आपोआप एक एसएमएस पाठवतो, तोही याच कोट्यातून जातो. व्हॉट्सॲप घरच्या वायफायवर चालतं. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या जाड भिंतींच्या घरांत आतल्या खोलीत रेंज मरते. तिथे सिमच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करा. कॉल वायफायवरून जातो आणि प्लॅनमध्येच बसतो. प्लॅन संपला असेल तर मात्र हीही युक्ती चालत नाही.

आता खरी गोम. हा प्लॅन जाहिरातीत दिसत नाही, ॲपमध्येही अगदी शेवटच्या टॅबमध्ये. जाहिरातीत दिसतात ते दिवाळीला व्हिडिओ कॉलवर नातवाचं तोंड बघणारे आजी-आजोबा, मित्रांच्या ग्रुपमधून बाजूला पडलेला मुलगा. विकायचा असतो रोजचा दीड-दोन जीबी डेटा, पण भीती घालतात माणसं तुटण्याची. मोबाइलच्या जाहिराती पहिल्यापासून नात्यांवरच चालत आल्यात; हचचा 2003 चा पग कुत्राही मुलाच्या मागेमागेच फिरायचा. फरक एवढाच, की तेव्हा सोबतीचं आश्वासन होतं, आता सोबत सुटेल ही धमकी आहे.

ही धमकी सर्वांत जास्त लागते ती मुदत संपताना. तीन दिवस आधी, मग आदल्या दिवशी, मग त्याच दिवशी एसएमएस, गुजरातीत किंवा हिंदीत, ‘आपल्या माणसांशी संपर्क’ वगैरे शब्दांत. त्याहून वाईट म्हणजे कॉल लावला की रिंग जाण्याआधी वाजणारी रेकॉर्ड केलेली सूचना. आजी ती ऐकते, फोन लागत नाही असं समजून कापते, पुन्हा लावते, पुन्हा तीच बाई बोलते. शेवटी शेजारच्या मुलाला ‘फोन बंद पडला’ म्हणून बोलावणं जातं आणि तो समोर दिसेल तो डेटाचा रिचार्ज मारून देतो. आजींना एकच सांगून ठेवा: ती बाई बोलून होईपर्यंत थांबा, रिंग जाते.

मुदत संपल्यावर नेमकं काय होतं? आधी जाणारे कॉल बंद होतात. येणारे काही दिवस चालू राहतात (किती, ते कंपनीगणिक वेगळं), मग तेही थांबतात आणि ओटीपीही. नंबर मात्र लगेच जात नाही. ट्रायच्या 2013 च्या नियमाप्रमाणे 90 दिवस अजिबात वापर नसेल तरच तो बंद करता येतो, आणि खात्यात 20 रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर तेव्हाही नाही. म्हणून 20-25 रुपयांचा टॉकटाइम पडून असू द्या.

हिशेब: 28 दिवसांचा 349 चा डेटाचा प्लॅन वर्षात तेरा वेळा, म्हणजे 4,537. अडीच हजारांच्या वर वाचतात, पण घरात वायफाय आधीच असेल तरच. त्यासाठी नवं ब्रॉडबँड घ्याल, तर 399 अधिक जीएसटीचा साधा प्लॅनही वर्षाला साडेपाच हजारांच्या पुढे जातो. मग हा सगळा खटाटोप कशाला?

अडचणी घराबाहेर सुरू होतात. खंडेराव मार्केटमध्ये भाजीवाल्याचा क्यूआर डेटाशिवाय निरुपयोगी. *99# या डेटाशिवाय चालणाऱ्या बँक-सेवेवर एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत पाठवता येतात, पण मेन्यू मध्येच तुटतो, गर्दीत तर हमखास. सरळ रोख ठेवा. दुसरं, वीज गेली की राउटर गेला. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा वीज किती वेळ बंद होती ते बडोदेकरांना सांगायला नको. राउटरच्या अडॅप्टरवर 12 व्होल्ट लिहिलेलं असेल तर तेवढ्याच व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. अँपिअर अडॅप्टरइतके किंवा जास्त हवेत. फायबरचा वेगळा डबा असेल तर तोही त्यावरच हवा, नाहीतर राउटर चालू आणि इंटरनेट बंद.

दुकानात रिचार्ज करताना नुसतं ‘रिचार्ज’ म्हणू नका. ‘खाली वात करवानुं’ (गुजरातीत, फक्त बोलायचं) सांगा, रक्कम सांगा, पावतीच्या एसएमएसमध्ये मुदतीची तारीख बघूनच दुकानातून निघा. जाहिरातीच्या संदेशांसाठी 1909 वर डीएनडी (असे संदेश नकोत ही नोंदणी) लावा. नव्या नियमाने अशा संदेशाच्या हेडरला, म्हणजे पाठवणाऱ्याच्या नावाला, शेवटी इंग्रजी ‘पी’ असतो, त्यामुळे ओळखता येतो. तरीही आला तर सात दिवसांच्या आत तक्रार करता येते. मुदत संपण्याच्या आठवणी मात्र सेवा-संदेशात मोडतात, डीएनडी लावूनही येतच राहतात.