ओढ्याचे पाणी तपासण्याचा संच: रसायने चोख, जीवशास्त्र कच्चे

पुण्याच्या रामनदीवर भूगाव आणि पाषाण येथे हा संच वापरला. विरघळलेल्या ऑक्सिजनची चाचणी त्याचा सर्वांत भरवशाचा भाग आहे: मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातल्यावर ऑक्सिजन असल्यास तपकिरी साका बसतो, नसल्यास तो पांढराच राहतो, आणि आम्लात विरघळवून थायोसल्फेटचे थेंब मोजत गेल्यावर स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला उडतो, त्यावरून प्रमाण निघते. नायट्रेटच्या रंगपट्टीवर मात्र पिण्याच्या पाण्याची ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा दोन जवळजवळ सारख्या गुलाबी छटांच्या मध्ये येते. जिथे नेमकेपणा हवा, तिथेच अंदाज बांधावा लागतो.

जैविक भागातील, पाण्यातले किडे पकडायची जाळी बारीक व मजबूत आहे, पण किडे ओळखण्याचा तक्ता परदेशी ओढ्यांसाठी केलेला दिसतो. शेपटीला बहुधा तीन धागे असलेली मेफ्लाय या पाणकिड्याची अळी त्यात आहे. पाषाणला ट्रेमध्ये वळवळणारी, हिमोग्लोबिनमुळे कमी ऑक्सिजनातही तगणारी कायरोनोमस या डासासारख्या कीटकाची लाल अळी मात्र त्यात नाही. रासायनिक आकडा त्या क्षणाचा असतो, तर किडे मागच्या काही आठवड्यांची हकिकत सांगतात, म्हणून ही उणीव किरकोळ नव्हे. महाविद्यालयांनी संच जरूर घ्यावा, मात्र तक्ता स्थानिक कीटकतज्ज्ञाकडून करून घ्यावा.