कुऱ्हाडीच्या दांड्याचे साडेसात हजार

लग्न ठरलं की आपल्याकडे केळवणं सुरू होतात. आमच्या एका मित्राचं केळवण आम्ही तिघांनी प्रागमध्ये केलं. श्रीखंड-पुरीच्या जागी बिअर आणि कुऱ्हाडी. आकडा आधीच सांगून टाकतो: सव्वा तासात ४७७ युरो गेले, आणि त्यातला मोठा हिस्सा तीन मोडक्या लाकडी दांड्यांचा होता. नाताळच्या सुट्टीत तिकडे जाणारे ओळखीत बरेच जण आहेत, म्हणून हे लिहितोय.

पाटील आणि मी न्यूरेंबर्गला नोकरीला. मावसभाऊ म्युनिकचा, नवरदेव पुण्याहून शेंगेन व्हिसावर आलेला. न्यूरेंबर्गहून प्राग बसने चारेक तास. लग्नाआधीचा दंगा करायला अर्धा युरोप प्रागलाच जातो. एकसारखे टी-शर्ट घातलेली टोळकी कुठेही वळलात तरी भेटतात. शहर त्यांना इतकं वैतागलं की २०२४ साली रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात एका पबमधून दुसऱ्या पबमध्ये फिरवणाऱ्या सहलींवर बंदी घातली गेली.

शनिवारी संध्याकाळी आम्ही जुन्या शहराच्या चौकात, १४१० सालच्या त्या खगोलीय घड्याळाखाली उभे होतो. दर तासाला खिडक्या उघडतात, आतून येशूचे बारा शिष्य फिरून जातात, आणि खाली शंभर-दोनशे माणसं माना वर करून उभी असतात. आम्ही पाकिटं सांभाळत होतो. प्रागला पाकीटमारांपासून जपायचं हे सगळ्यांनी सांगितलेलं होतं.

"दादा, मराठी ना तुम्ही? मगापासून ऐकतोय."

बावीस-तेवीसचा पोरगा. खांद्यावर प्लॅस्टिकची कुऱ्हाड, हातात फोटोंची फाइल. इथे शिकतो म्हणाला, शनिवार-रविवार हे काम. पाटलाने गाव विचारलं आणि दोन मिनिटांत दोघांचा एसटी स्टँड एकच निघाला. आता तुम्हीच सांगा, घरापासून सहा-सात हजार किलोमीटरवर, थंडीत, कुणी 'दादा' म्हटल्यावर माणूस काय करणार? नवरदेवाने तर त्याला लग्नाचं आमंत्रण देऊन टाकलं.

त्याचं म्हणणं असं: पबचं आता रात्री बंद झालंय, त्यापेक्षा कुऱ्हाडी फेका. माणशी ६९० कोरुना, एक तास, एक बिअर त्यातच, शिकवायला माणूस. कोरुना हे तिकडचं, चेक चलन; एका युरोला साधारण २५ कोरुना पडतात, म्हणजे माणशी सत्तावीस-अठ्ठावीस युरो. भाव अगदी योग्य वाटला, आणि मला वाटतं तिथेच त्यांची हुशारी होती. फार स्वस्त असतं तर आम्ही सावध झालो असतो. जागा अडवून ठेवायला म्हणून त्याने १००० कोरुना रोख घेतले, व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिला-घेतला. पावती आम्ही मागितली नाही. आपल्या माणसाकडे पावती कशी मागायची?

जागा म्हणजे एका गल्लीतलं तळघर. प्रागच्या जुन्या भागात अशी कमानदार तळघरं खूप आहेत. पुरापासून वाचण्यासाठी तेराव्या शतकात रस्त्यांची पातळीच भराव घालून उंच केली, तेव्हा पूर्वीचे तळमजले जमिनीखाली गेले. दिसायला झकास. पण कुऱ्हाड दोन्ही हातांनी डोक्यामागे नेऊन फेकायची असते, आणि इथे छत हात वर केला की लागेल असं. कमानीच्या विटांवर पात्यांचे ओरखडे होते. आम्ही त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढले.

आत दोन माणसं. एक बारमागे, एक आमच्याजवळ. दोन पानी कागद पुढे आला, सगळा चेक भाषेत. "इंजुरी, इंजुरी. साइन." अशा ठिकाणी जखमेची जबाबदारी आपली असं लिहून घेतात हे ऐकून होतो. चौघांनी सह्या ठोकल्या. प्रत्येकाच्या खिशात फोन होता, कॅमेरा धरला असता तर जागेवर भाषांतर झालं असतं. ट्रामच्या थांब्यावरची पाटी आम्ही तसंच वाचली होती.

बिअर आधी आली, कुऱ्हाडी नंतर. शिकवणं म्हणजे त्या माणसाने एकदा फेकून दाखवली. आमच्यापैकी एकाच्या पायात सँडल होते, त्याकडे कुणी पाहिलं नाही. कुऱ्हाड मारायच्या दोन फळ्या शेजारी-शेजारी, मधे जाळी नाही. आम्हाला वाटलं, वा, जर्मनीत असते तर शंभर नियम सांगितले असते!

कुऱ्हाड हातात घेतली तेव्हा मात्र मला कळलं होतं. आजोबांच्या शेतावर उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्यात मी. दांडा बाभळीचा, पात्याच्या नेढ्यात, म्हणजे भोकात, घट्ट बसवून वरून पाचर मारलेली. ढिला झाला की आजोबा कुऱ्हाड रात्रभर पाण्याच्या हौदात घालून ठेवायचे, लाकूड फुगून बसायचं. इथली कुऱ्हाड हलवली तर पातं खुळखुळत होतं, आणि नेढ्याच्या खाली, जिथे दांड्यावर सगळा ताण येतो तिथेच, काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. मी अंगठ्याने दाबून पाहिली. आत भेग लागत होती.

मी बोललो नाही. बोललो असतो तर काय झालं असतं? दुसरी द्या म्हटलं असतं, कदाचित तिथूनच बाहेर पडलो असतो. पण नवरदेव खुशीत होता, पाटील व्हिडिओ काढत होता, आणि 'हा आला गावचा सुतार' असं कुणी म्हणू नये एवढ्यासाठी मी गप्प बसलो. भीड भिकेची बहीण, असं आजोबाच म्हणायचे.

पहिला दांडा सहाव्या-सातव्या फेकीला गेला. फळी वाळून दगड झालेली, कुऱ्हाड रुतण्याऐवजी आपटून परत येत होती. एकदा तर मावसभावाच्या पायापाशी येऊन पडली. कटकन आवाज झाला, पातं एकीकडे, दांडा दुसरीकडे, आणि आम्ही चौघं टाळ्या पिटतोय. तो माणूसही हसला, "स्ट्राँग इंडियन!" म्हणाला, तुकडे उचलून घेऊन गेला आणि दुसरी कुऱ्हाड आणून दिली. तिलाही पट्टी. दुसरा दांडा गेला, पुन्हा हशा. तिसरा माझ्याच हातून मोडला. त्याचं तोंड मी पाहिलं: मोडलेल्या भागातला अर्ध्याहून जास्त काळपट, जुना, गोंदाचे पिवळे डाग पडलेला, आणि फक्त कडेला एक पांढरी ताजी रेघ. हे लाकूड आज मोडलेलं नव्हतं.

सव्वा तासाने बिल आलं. उरलेले १७६० कोरुना, जादा चार बिअरचे ३८०, आणि खाली एक शब्द, 'टोपूर्को', तीनदा २५००. टोपूर्को म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा. चेक भाषेतला एवढा एकच शब्द मला आयुष्यभर पाठ राहणार आहे. एकूण ९६४० कोरुना. आम्ही आरडाओरडा केल्यावर बारमागचा माणूस शांतपणे तो कागद घेऊन आला आणि सातव्या कलमावर बोट ठेवलं. दांडा मोडल्यास दर नगामागे २५००. खाली आमच्या चार सह्या, माझी सगळ्यात सुवाच्य.

मी म्हटलं, तुकडे आणा, जुनी भेग दाखवतो. तुकडे फेकून दिले म्हणाला. मराठी पोराला फोन लावला, उचलला नाही. जिन्याच्या पायथ्याशी दुसरा माणूस येऊन उभा राहिला होता. काही बोलला नाही, नुसता उभा. "पोलीस? ओके, कॉल," बारवाला म्हणाला आणि नेमकं तेव्हाच नवरदेवाचा चेहरा उतरला. व्हिसावर आलोय, पुढच्या महिन्यात लग्न आहे, पोलिसांचं लफडं नको. बिलाच्या वादात पोलिसांना बोलावलं म्हणून कुणाचा व्हिसा जात नाही. पोलिसांचा १५८ फिरवायचा, बस्स. युंगमान चौकातल्या ठाण्यात तर परदेशी प्रवाशांसाठी दुभाषाची सोय असते. पण रात्री दहाला तळघरात हे कुणाला आठवतंय?

मी कार्ड काढलं. मशीन माझ्या हातात देण्याआधी त्याने एक बटण स्वतःच दाबलं. "युरो. बेटर फॉर यू." पिन घातला. पावतीवर ४३७ युरो. त्या दिवसाच्या दराने ९६४० कोरुनांचे ३८६च्या आत व्हायला हवे होते. परदेशात कार्डाचं मशीन 'तिथलं चलन की तुमचं' असं विचारतं, तेव्हा दर वेळी तिथलंच निवडायचं. आपलं निवडलं की दर मशीनवाला लावतो, आपली बँक नाही. गंमत म्हणजे युरोपीय संघात २०२० पासून हा जादा आकार टक्क्यांत दाखवणं सक्तीचं आहे, आणि तो पावतीवर बारीक अक्षरांत छापलेला होताही: तेरा टक्क्यांवर. सकाळी हॉटेलात वाचला.

परतीच्या बसमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पाटील खिडकीकडे पाहत म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." म्हण इतकी चपखल बसली होती की हसूही आलं नाही.

बँकेने हात वर केले. पिन तुम्ही घातलाय, कराराचा कागद तुम्हीच सही केलेला. चलनाची निवड मला करू दिली नाही, ही तक्रार खरं तर टिकणारी होती, पण बटण त्याने दाबलं हे सिद्ध कसं करणार? तिकडच्या व्यापार तपासणी खात्याकडे, म्हणजे चेस्का ओब्खोद्नी इन्स्पेक्त्से, ऑनलाइन तक्रार केली. युरोपात राहत असाल तर आपल्या देशातल्या युरोपीय ग्राहक केंद्राकडेही जाता येतं, तेही केलं. दोन्हीकडून पोच आली आहे. पैशांची आशा मी सोडली, पण दुकानाचं नाव त्यांच्या नोंदीत गेलं याचं बरं वाटतं.

महिनाभराने ऑफिसच्या सहलीत पुन्हा कुऱ्हाडफेकच निघाली. मी येत नाही म्हणत होतो, ओढून नेलं. मोठा हॉल, उंच छत, प्रत्येक फळीला दोन्ही बाजूंनी जाळी. शिकवणारी बाई आधी सगळ्यांचे बूट तपासत होती. रेघेपासून फळी साडेतीन-पावणेचार मीटर. एवढ्या अंतरात कुऱ्हाडीने हवेत बरोबर एक गिरकी घ्यायची. दांडा वर राहिला तर जास्त फिरली, अर्धं पाऊल पुढे सरका. खाली लोंबला तर मागे. शेजारच्या फळीवरच्या माणसाची फेक झाल्याशिवाय कुणी कुऱ्हाड आणायला पुढे जायचं नाही. फळ्या मऊ लाकडाच्या, मधूनमधून त्यांवर पाणी मारत होते म्हणजे पातं रुततं, उसळत नाही. हा खेळ २००६ साली टोरांटोतल्या कुणाच्या तरी परसात सुरू झाला आणि २०१७ पासून त्याची जागतिक लीग आहे, हेही तिनेच सांगितलं. करारपत्र होतं, पण जर्मन आणि इंग्रजी दोन्हींत, फक्त जखमेबद्दल.

आणि अर्ध्या तासात एका सहकाऱ्याच्या हातून दांडा मोडला. माझा हात आपोआप पाकिटाकडे गेला. तिने तुकडे उचलले, कोपऱ्यातल्या पिंपात टाकले, भिंतीवरची दुसरी कुऱ्हाड काढून त्याच्या हातात दिली. पिंप अर्धं भरलेलं होतं. किती पैसे, मी विचारलं. ती गोंधळली. मोडणारच ते, म्हणाली, लाकूड आहे; नवा दांडा पंधरा-वीस युरोंना येतो, बसवायला दहा मिनिटं.

त्या रात्री मी पाटलाचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. चौदाव्या सेकंदाला नवरदेव पहिली फेक करायला कुऱ्हाड उचलतो आणि दांड्यावरची काळी पट्टी स्वच्छ दिसते. एकही फेक व्हायच्या आधी. तक्रारीला तो जोडला.

मग त्या मुलालाही पाठवला. प्रागहून निघालो त्या रात्रीच त्याचा मेसेज आलेला होता, "दादा, मजा आली का?" त्याला कितपत ठाऊक होतं कोण जाणे, माणशी ठरावीक कमिशन मिळत असेल, तळघरात कधी उतरलाही नसेल. किंवा सगळं माहीत असेल. व्हिडिओखाली मी फक्त लिहिलं, "चौदावा सेकंद बघ."

दोन निळ्या खुणा आल्या. थोड्या वेळाने त्याचा फोटो दिसेनासा झाला.