दुब्रोव्हनिकच्या फांजीवर तीन तास

तिकिटाचा आकडा ऐकून आमच्या हिने पर्स पुन्हा मिटली. माणशी 35 युरो, म्हणजे आपले तीन हजारांच्या वर, आणि ते कशासाठी, तर तटावरून चालण्यासाठी. "मालवणात होडीच्या भाड्यात अख्खो सिंधुदुर्ग बघून होता," ती म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं. पण मी मालवणचा, लहानपण तटावर गेलेलं, आणि नोकरीची एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात दगड, चुना आणि पाणी यांच्या संगतीत काढलेली. एवढ्या लांब येऊन तट न चढता परत जाणं मला जमलं नसतं. तेव्हा पहिलं सांगतो ते हे, की पैसे वसूल होतात. कसे होतात आणि कुठे जपायचं, ते पुढे लिहितो.

आम्ही गेलो 2024 च्या ऑक्टोबरात. मुलगी म्युनिकला असते, तिच्याकडून चार दिवसांसाठी क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला उतरलो. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांत, आहे आणि चलनही त्याच दिवसापासून युरो झालं, त्यामुळे जर्मनीसाठी काढलेल्या व्हिसावरच काम झालं. तिकीट घेताना एक लक्षात ठेवा. त्याच 35 युरोंत एक दिवसाचा शहराचा पास मिळत होता. त्यात तट, बाहेरचा लोव्रियेनात्स किल्ला, रेक्टरचा (जुन्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा) वाडा, काही संग्रहालयं आणि शहरातल्या बसही येतात. नुसतं तटाचं तिकीट काढण्यात काही अर्थ नाही. दर मात्र वाढत असतात, जाण्याआधी बघून घ्या.

तटाची लांबी 1940 मीटर. ऐकायला दोन किलोमीटरसुद्धा नाही, पण जमिनीकडची भिंत कुठे 25 मीटर उंच आहे, कुठे 6 मीटर जाड. समुद्राकडची त्या मानाने पातळ, दीड ते तीन मीटर. मारा कुठून होणार याचा विचार करून दगड खर्चलेला दिसतो. वरून चालायची वाट, आपल्याकडे जिला फांजी म्हणतात ती, सलग आहे. मध्ये कुठेही उतरून परत चढावं लागत नाही. चालण्याची दिशा एकच, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. बहुतेक लोक पश्चिमेच्या पिले दरवाजाकडून चढतात, आणि त्यांना उत्तरेच्या टोकावरचा मिन्चेता बुरूज सगळ्यात शेवटी लागतो, म्हणजे पाय थकल्यावर सर्वात मोठी चढण. हिचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही पूर्वेच्या प्लोचे बाजूने सुरुवात केली. चढण आधी संपली आणि समुद्राकडचा सपाट भाग शेवटी निवांत मिळाला. गुडघ्यांचा त्रास असलेल्या प्रत्येकाला हेच सांगेन. सकाळी आठला पोचा. दहानंतर क्रूझ जहाजांची माणसं येऊ लागतात आणि अरुंद जागी रांग लागते. सावली जवळजवळ नाहीच. आम्हाला ऑक्टोबरातही टोपी लागली.

मिन्चेता हा गोल, चर्यांचा, म्हणजे तटमाथ्यावरच्या दात्यांचा, मुकुट घातलेला बुरूज. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांनी घेतलं, त्यानंतर या शहरानं घाईघाईनं तट जाड करायला घेतला. फ्लॉरेन्सहून मिकेलोत्सो या वास्तुकाराला बोलावलं आणि पुढे युराय दाल्मातिनात्स या दुसऱ्या वास्तुकारानं 1464 मध्ये बुरूज पुरा केला. वरून सगळं शहर ताटात वाढल्यासारखं दिसतं. पण मला तिथे जास्त आवडलं ते बुरुजाच्या पायथ्याचं बास्केटबॉलचं मैदान. तटाच्या आत, साडेपाचशे वर्षांच्या भिंतीला लागून, शाळकरी पोरं खेळत होती. चेंडू आपटल्याचा आवाज भिंतीवरून वर येत होता. आपल्या सिंधुदुर्गातही काही घरं अजून नांदती आहेत. किल्ल्यात माणूस राहिला की किल्ल्याला वेगळाच जिवंतपणा असतो.

मिन्चेताहून पुढे निघालं की छपरं अगदी हाताशी येतात. इथे मी अर्धा तास थांबलो. कौलं आपल्या जुन्या नळीच्या कौलांसारखी, अर्धगोल, एक उताणं आणि एक पालथं अशी घातलेली. कोकणात आता मंगलोरी कौलंच दिसतात, तीही पत्र्याखाली जायला लागली आहेत. आजोळच्या घरावर नळीची कौलं होती, दर वर्षी मे महिन्यात ती शाकारायला माणसं यायची. इथे बघताना दोन रंग स्पष्ट वेगळे दिसतात. काही छपरं फिकट, पिवळट-करडी, शेवाळ वाळून काळे डाग पडलेली. बरीचशी मात्र एकसारखी भगवी-लाल. ती नवी छपरं म्हणजे 1991 ची खूण. युगोस्लाव्हिया फुटतानाच्या युद्धात, त्या ऑक्टोबरात, शहराला वेढा पडला आणि 6 डिसेंबरला सगळ्यात भयंकर तोफमारा झाला. जुन्या शहरातल्या 824 इमारतींपैकी दोन तृतीयांशांहून जास्त इमारतींना गोळे लागले. दरवाजाजवळ एक नकाशा लावला आहे, कुठल्या छपरावर गोळा पडला, कुठलं घर जळालं, खुणा करून दाखवलेलं. तो नकाशा आधी वाचा आणि मग तटावर चढा, म्हणजे समोर काय दिसतंय ते कळतं. एका छपरावर मला दोन्ही कौलं मिसळलेली दिसली, वळचणीकडे नवी आणि माथ्याकडे जुनी. वाचलेली कौलं कोणीतरी एकेक उचलून, झटकून, परत लावली असणार. आमची मुलगी त्या वेळी जन्मलीही नव्हती. ती बराच वेळ त्या छपराकडे बघत राहिली.

छपराच्या कडेने दगडी पन्हळी आहेत, भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी हातांवर पेललेल्या. पावसाचं पाणी त्यातून घराच्या टाक्यांत जायचं. माझ्यातला पाटबंधारेवाला तिथेच अडकला. याच शहरानं 1438 मध्ये ओनोफ्रियो दे ला कावा या इटालियन माणसाकडून जवळजवळ 12 किलोमीटरवरून पाणी आणवलं. पिले दरवाजातून आत आलं की त्याच पाण्याची सोळा तोंडांची गोल टाकी लागते. पाणी आजही प्यायचंच आहे. बाटली तिथे भरून घ्या, तटावरच्या टपऱ्यांत पाणी महाग आहे.

समुद्राकडच्या अंगाला मी दर दहा पावलांवर वाकून सांधे बघत होतो. हिला ते नेहमीचंच. खारा वारा सांध्यातला चुना खातो आणि मग दगड सुटतो, हे मालवणात पाहिलेलं. तिथे तटावर झुडुपं उगवतात, पावसाळ्यात त्यांची मुळं सांध्यात शिरतात आणि चार वर्षांत हाताएवढी फट पडते. इथे मला एकही रोप दिसलं नाही. सांधे कुठे जुने काळपट, कुठे ताजे पांढरे, आणि ताजा चुनाही दगडाच्या पातळीच्या किंचित आत ठेवलेला, वर थापलेला नाही. हे काम ज्यांच्या हातात आहे ती स्थानिक संस्था 1952 ची, दुब्रोव्हनिकच्या पुरातन वास्तूंच्या मित्रांची. तटाच्या तिकिटाचा काही पैसा त्यांच्या हातून पुन्हा डागडुजीत जातो. हे कळल्यावर ते 35 युरो मला जड वाटले नाहीत. 2025 च्या जुलैत आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गही आहेत. दुब्रोव्हनिक 1979 पासून त्या यादीत आहे. आपल्याकडेही तिकिटाचा रुपया त्याच तटाच्या चुन्यात जावा आणि तो गेलेला येणाऱ्याला डोळ्यांनी दिसावा, असं मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट मला तिथे कळली आणि घरी येऊन मी तारखा पुन्हा तपासल्या. 6 एप्रिल 1667 ला इथे मोठा भूकंप झाला आणि शहराचा बराच भाग कोसळला. आज दिसणारा स्त्रादुन, म्हणजे मधला सरळ पेठेचा रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची एकसारखी घरं, त्यानंतरची. तट मात्र बहुतांश टिकला. महाराजांनी 1664 मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर पाया घातला, तो सिंधुदुर्ग पुरा झाला तोही 1667 मध्येच. एका किनाऱ्यावर शहर पडत होतं आणि दुसऱ्यावर किल्ला उभा राहत होता.

दरवाजांवर शहराच्या रक्षणकर्त्या संताची, स्वेती व्लाहोची, मूर्ती आहे. त्याच्या हातात शहराचीच छोटी प्रतिकृती असते. गोव्यात जुन्या गोव्याहून कुंभारजुव्याकडे जाताना याच संताचं, सां ब्राझचं, चर्च लागतं आणि तिथल्या जुन्या वस्तीचा संबंध इथल्या व्यापाऱ्यांशी सांगितला जातो. मी त्या रस्त्यानं कितीदा गेलोय, पण कधी उतरून बघितलं नव्हतं.

आता राहण्याचं. तटाच्या आत घर घेऊ नका, निदान वयस्कर माणसं बरोबर असतील तर नाही. आम्ही स्त्रादुनच्या उत्तरेच्या एका गल्लीत घर घेतलं होतं. मालकानं फोटो सुंदर टाकले होते, पण दारापर्यंत चढायच्या पायऱ्यांबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्या बाजूच्या गल्ल्या म्हणजे जिनेच आहेत. मी आणि मुलीनं बॅगा एकेक करून वर नेल्या, ही मध्ये दोनदा बसली. मालकाला कळवलं तर उत्तर आलं की जुन्या शहरात असंच असतं. असतं हे खरंच, पण ते आधी सांगायला हवं होतं. पिलेच्या बाहेर राहा आणि बसनं या.

जेवण तटाच्या आत महाग आणि बेताचं. पण माकुलांच्या शाईतला काळा भात एकदा खाऊन बघा, माशाच्या घरातल्या माणसाला तो रुचेल. त्याहून बरं म्हणजे एक दिवस काढून स्तोनला जा, बसनं तासाभराच्या वर लागतो. तेही तटाचंच गाव, याच प्रजासत्ताकानं मिठागरांच्या राखणीसाठी बांधलेलं, आणि उरलेला तट साडेपाच किलोमीटर आहे. पलीकडे माली स्तोनच्या खाडीत कालवं वाढवतात. आपण कालवं कांदा-खोबऱ्यात शिजवणारी माणसं. इथे ती उघडून, लिंबू पिळून, कच्चीच देतात. हिनं पाच खाल्ली.

संध्याकाळी त्याच पासवर लोव्रियेनात्सला गेलो. पिलेच्या बाहेर, 37 मीटरच्या खडकावर एकटा उभा असलेला किल्ला. दारावर लॅटिनमध्ये कोरलंय की जगातल्या सगळ्या सोन्याच्या मोबदल्यातही स्वातंत्र्य विकणं बरं नव्हे. या शहराची तऱ्हाच तशी होती. तुर्की सुलतानाला दर वर्षी 12,500 दुकातांची, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची, खंडणी मोजायचे, पण राज्य आपलंच ठेवायचे, आणि रेक्टर, म्हणजे त्यांचा प्रमुख, तो एका महिन्यापुरताच निवडायचे. लोव्रियेनात्सची समुद्राकडची भिंत 12 मीटरपर्यंत जाड आहे. शहराकडची जेमतेम 60 सेंटिमीटर. सांगतात ते कारण असं, की उद्या किल्लेदार फिरला आणि त्यानं तोफा शहराकडे वळवल्या, तर शहराला ती भिंत फोडता यावी.

मी तिथे भिंतीच्या कडेला वीत लावून पाहिली. तीन वितीही भरल्या नाहीत. ही कट्ट्यावर बसून समोर सकाळी चाललेला तट बोटानं दाखवत होती, आधी बोकार बुरूज, मग पिले, मग वर मिन्चेता, आणि त्याच्या पुढे ती दोन रंगांच्या कौलांची छपरं शोधत होती.