टॉवर उभा की पाडलेला?

पणजीहून शिवोलीला वेकबोर्डची (बोटीमागे दोरीने ओढत, फळीवर उभं राहून खेळायच्या खेळाची) बोट ट्रेलरवर न्यायची, तर टॉवर, म्हणजे ती दोरी बांधायची बोटीवरची उंच पाइपची कमान, बिजागरांवर आडवा पाडूनच न्या. उभा ठेवला की वेळ वाचतो, हायवेवर उंचीची अडचणही सहसा येत नाही. पण गावातल्या रस्त्याला लागलात की खाली लोंबणाऱ्या केबलच्या तारा आणि आंब्याच्या फांद्या आहेतच. शिवाय वारा आणि खड्ड्यांचे दणके थेट बिजागरांवर आणि बोल्टभोवतीच्या फायबरवर बसतात.

पाडलेल्या टॉवरला मात्र निगा हवी. बोर्डचे रॅक आधी काढा, पाइप टेकतो तिथे जाड फोम घाला, पट्ट्याने घट्ट आवळा. स्पीकरची वायर बिजागरात चिमटत नाही ना, हे हात घालून बघा. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत सैल टॉवर काचेवर आपटतो. रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, टॉवर उभा केल्यावर बोल्ट पक्के आवळल्याशिवाय कुणालाही दोरीवर घेऊ नका.