झांग निंग की शी शिंगफांग: अभ्यासाला कोणाचे सामने घ्यावेत?

बॅडमिंटन गांभीर्याने शिकणाऱ्या मुलीला महिला एकेरीचे जुने सामने दाखवायचे असतील आणि वेळ एकाच खेळाडूपुरता असेल, तर चीनच्या झांग निंग आणि शी शिंगफांग यांच्यातून निवड करणे सोपे नाही. दोघी एकाच संघातल्या, दोघीही उंच, आणि मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेरीत वारंवार एकमेकींसमोर उभ्या राहिलेल्या.

नुसता आमनेसामनेचा हिशेब मांडला, तर शीचे पारडे जड आहे. 2005 मध्ये अनाहाइमला आणि 2006 मध्ये माद्रिदला तिने जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि दोन्ही वेळा अंतिम फेरीत झांगलाच हरवले. त्याच दोन वर्षांत ऑल इंग्लंड या मानाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांतही हेच घडले. 2007 मध्ये शीने ते विजेतेपद सलग तिसऱ्यांदा पटकावले. झांग 2003 मध्ये बर्मिंगहॅमला जगज्जेती झाली खरी, पण ऑल इंग्लंड तिला कधीच जिंकता आले नाही. विजेतेपदे मोजून निर्णय घेणाऱ्याने इथेच थांबायला हरकत नाही.

झांगची कारकीर्द मात्र मोजणीत बसत नाही. 1994 मध्ये जकार्ता येथे उबर चषकाच्या, म्हणजे महिलांच्या जागतिक सांघिक स्पर्धेच्या, अंतिम लढतीतील निर्णायक सामना ती इंडोनेशियाच्या 14 वर्षांच्या मिया ऑडिनाकडून हरली आणि चीनचा चषक गेला. दहा वर्षांनी अथेन्सच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत समोर तीच ऑडिना होती, आता नेदरलँड्सकडून खेळणारी. पहिला गेम गमावूनही 29 वर्षांच्या झांगने तो सामना 8-11, 11-6, 11-7 असा जिंकला. या सुवर्णाला एक डाग आहे आणि तो लपवणे योग्य नाही: उपांत्य फेरीत झांगसमोर खेळणाऱ्या सहकारी झोउ मी हिला फार जोर लावू नकोस असे सांगितल्याची कबुली मुख्य प्रशिक्षक ली योंगबो यांनी पुढे स्वतःच दिली. त्यामुळे अथेन्सची उपांत्य लढत अभ्यासातून वगळावी, हे बरे.

2008 च्या बीजिंग ऑलिंपिकची गोष्ट वेगळी आहे. 2006 पासून प्रत्येक रॅलीला गुण देणारी 21 गुणांची पद्धत आली होती. सर्व्हिस हातात असताना केलेली चूकही आता थेट गुणफलकावर चढत होती आणि तिशी ओलांडलेल्या खेळाडूला दम घ्यायला उसंत कमी उरली होती. सायना नेहवालला उपांत्यपूर्व फेरीत हरवणारी इंडोनेशियाची मारिया क्रिस्टिन युलियांती उपांत्य फेरीत झांगकडून पराभूत झाली. 16 ऑगस्ट 2008 च्या अंतिम सामन्यात 33 वर्षांच्या झांगने 27 वर्षांच्या शीला 21-12, 10-21, 21-18 असे हरवले. तिन्ही गेमची बेरीज केली तर झांगचे 52 आणि शीचे 51 गुण होतात. म्हणजे सुवर्ण आणि रौप्य यांत एकूण एका गुणाचा फरक! महिला एकेरीत दोन ऑलिंपिक सुवर्णे मिळवणारी झांग ही पहिली खेळाडू ठरली.

खेळाच्या दृष्टीने पाहता, शीचे बळ तिच्या लांब पोचेत आणि उंचावरून तीव्र कोनात उतरणाऱ्या फटक्यांत आहे, तर झांगचे बळ संयमात, अचूक दिशेत आणि टॉस (कोर्टच्या मागे जाणारा उंच फटका) येणार की ड्रॉप (जाळीजवळ हळूच पडणारा फटका) हे प्रतिस्पर्ध्याला शेवटपर्यंत कळू न देण्यात आहे. मुलगी उंच असेल, पंधरा-सोळा वर्षांची असेल आणि आक्रमण हाच तिचा स्वभाव असेल, तर शीपासून सुरुवात करावी; त्यासाठी माद्रिदचा सरळ दोन गेममध्ये संपलेला अंतिम सामना पुरेसा आहे. मात्र ती विशीत पोचली असेल आणि ‘आता उशीर झाला’ हे वाक्य घरी-दारी ऐकत असेल, किंवा रॅली लांबली की तिचा धीर सुटत असेल, तर माझे मत नि:संशय झांगच्या बाजूने आहे. कोणाचे स्मॅश पाहून मनगटात वेग येत नाही, पण फटका कधी राखून ठेवायचा हे पाहून शिकता येते.

सुरुवात बीजिंगच्या तिसऱ्या गेमपासून करावी. पहिल्यांदा तो नेहमीसारखा पाहावा आणि दुसऱ्यांदा शटलकडे न बघता फक्त झांगच्या पायांकडे लक्ष ठेवून, फटक्यानंतर ती कोर्टच्या मध्याकडे कधी पूर्ण परतते आणि कधी अर्ध्यावरच थांबते, हे वहीत टिपून घ्यावे.